ढोलकीवाल्याची तार

चुडाव्याच्या ठेसनातून बाहेर आलं की उजव्या हाताला पिंपळ, पिंपळाखाली पानाचा ठेला, आन ठेल्याच्या पाठीला पाठ लावून चंद्रभानचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हंजी काय, पत्र्याचं खोकं. आत दोघं बसले की तिसऱ्यानं श्वास बाहेर उभं राहून घ्यावा. पर आजूबाजूच्या गावांतले मुके झालेले रेडिओ तिथं येऊन बोलायला लागायचे, येवढं खरं.

चंद्रभान परभणीला आयटीआय शिकलेला. दिवसा दुकान आन संध्याकाळी ढोलकी. मुंजाजीच्या गायन पार्टीत ढोलकीवर तोच. मुंजाजी म्हंजी त्याच्या बायकोचा, कडूबाईचा, सख्खा भाऊ. आवाज असा, की माईक बंद पडला तरी पार मागं बसलेल्या बाईच्या मांडीवरचं लेकरू दचकून जागं व्हावं. बाबासाहेबांची गाणी, नामांतराची गाणी. विद्यापीठाला अजून नाव लागायचं बाकी होतं, मोर्चे चालू होते, आन पालमपासून चारठाण्यापर्यंत कुठं बी जयंती असली की ही पार्टी पेटी-ढोलकी एसटीच्या टपावर टाकून निघायची.

चंद्रभानच्या हाताला एकच खोड. रिकामी जागा दिसली की हात तिथं गेलाच. गाण्याची ओळ संपली, गाणारा दम घ्यायला थांबला, की ह्यानं तेवढ्यात तिरकिट टाकलंच म्हणून समजा. लोक खुश व्हायचे, रुपाया-दोन रुपये ढोलकीवर ठेवायचे. मुंजाजी मातर आतून जळायचा.

"दाजी, मी शेर म्हणायलोय तवा तरी हात मांडीखाली घालून बसत जा. माणसं शेर ऐकायला आलेत का तुपल्या बोटांची खाज बघायला?"

"मंग तू येवढा येळ गप कामून बसतो? जागा रिकामी पडती ना."

"आरं ती मी मुद्दाम सोडतो, बाबा!"

हे भांडण दर जयंतीला व्हायचं आन दर जयंतीला चहावर मिटायचं.

तर एक दिवस दुकानात दिनकरराव आले. गावात त्यांना समदे मास्तर म्हणायचे, पर शाळेचे न्हाईत, तारमास्तर. निजामाच्या रेल्वेत लागलेले, शिक्षण सगळं उर्दूत, आन उमर पूर्णा ठेसनात तारेच्या यंत्रापुढं गेलेली. कट्ट-कडकट्ट, कट्ट-कडकट्ट. रिटायर होऊन चुडाव्याला शेतातल्या घरात राहायचे. बायको वारलेली, पोरगा पुण्याला. त्यांनी पोत्यात गुंडाळलेली एक लोखंडी पेटी आणून चंद्रभानच्या मेजावर ठेवली, तर मेज कण्हलं.

"मास्तर, येवढा जड रेडिओ?"

"रेडिओ न्हाई हा. मिलिटरीच्या मोडीतला हाय. हा कान हाय बघ. तोंड घरी हाय."

चंद्रभान काय समजला न्हाई, पर पेटी उघडली. एक कंडेन्सर फुगून बसला होता. तो बदलला, वायर खिडकीबाहेर फेकली, बटण फिरवलं. आधी नुसती खरखर, आन मंग त्या खरखरीतून एक बारीक शिट्टी आली. तुटक तुटक. टी-टिट्-टी-टिट्. चंद्रभानची बोटं आपोआप मेजावर चालायला लागली. शिट्टी लांब आली की बोट जोरात, आखूड आली की हळू. शिट्टी थांबली, तरी बोटं तेच पुन्हा वाजवत राहिली.

दिनकररावांनी चष्मा काढला. "तुला तार येती?"

"कशाची तार?"

"मंग हे काय वाजवायलास?"

"ठेका चांगलाय, म्हणून धरला. धातिधाति, धाधातिधा."

मास्तरांनी चष्मा धोतराला पुसून पुन्हा लावला. मंग म्हणले, "बाबा, ह्या ठेक्याचा अर्थ, 'कुणी हाय का रे? कुणी बी बोला माझ्याशी.' आत्ता कोणी तरी, कुठं तरी बसून, साऱ्या दुनियेला आवाज द्यायलाय."

चंद्रभान त्या पेटीकडं बघतच राहिला. जल्म गेला रेडिओ उघडण्यात, पर रेडिओतून कोणी आपल्याला काय इचारतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मास्तरांनी मंग समदं समजून सांगितलं. ह्याला हाम रेडिओ म्हणतात. सरकार इम्तिहान घेतं, पास झाला की परवाना देतं, हवेत घ्यायला एक नाव देतं. मंग घरी बसून, आपल्या हातानं बनवलेल्या यंत्रावर, जगाशी बोलायचं. धंदा करायचा न्हाई, कोणाचा निरोप पैसे घेऊन पोचवायचा न्हाई. बोलायचं म्हणून बोलायचं.

"मंग फायदा काय?"

"तू ढोलकी कोणत्या फायद्यासाठी वाजवतो?"

चंद्रभान हसला. दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून मास्तरांच्या शेतात हजर.

तवापासून त्याला येड लागलं. तारेची सगळी अक्षरं टिंब आन रेघ, दोन्हीचीच बनलेली. ह्यानं टिंबाला 'ति' म्हणलं, रेघेला 'धा' म्हणलं, आन ढोलकीचे बोल पाठ करावेत तशी इंग्रजी अक्षरं पाठ केली. जेवताना ताटावर, एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर, आन एकदा तर कडूबाईच्या पाठीवर.

"हे काय करायलाव?" कडूबाई म्हणली.

"पूर्णा लिहायलोय."

"तिकडं भिंतीवर लिहा. माझ्या पाठीवर कामून?"

घराच्या पुढच्या लिंबापासून मागच्या बाभळीपर्यंत ह्यानं लांबच लांब तांब्याची तार ताणली. ऐकायला मास्तरांचा एक जुना सेट आणला होता, त्याचा एरियल. पहिल्या दिवशी काय झकास ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी आवाज पार बसला. चंद्रभान सेट उघडून बसला, एक एक व्हॉल्व्ह काढून बघितला, डोकं पिकायची येळ आली. शेवटी बाहेर येऊन बघतो तर तारेवर दोन वल्ल्या गोधड्या, एक लुगडं आन त्याचाच सदरा वाळायलाय.

"आगं, ही दोरी न्हाई, कडू!"

"मंग येवढी चांगली बांधली कशाला?"

एका सकाळी मास्तरांच्या सेटवर त्याला येगळाच आवाज सापडला. माणसाच्या हाताचा न्हाई. किर्रर-टिर्रर, किर्रर-टिर्रर, जसे हजार रातकिडे एका सुरात.

"हे कोण?"

"हे कोणीच न्हाई. यंत्र यंत्राशी बोलायलंय. इकडं कोणी टाइप करतो, तिकडच्या कागदावर अक्षरं आपोआप उठतात. आता तर म्हणे कॉम्प्युटर लावतात, पडद्यावर उमटतं. त्यातली बी जात तीच, हा सूर का तो सूर. दोनच गोष्टी."

"मास्तर, मला हे पाहिजे."

"सगळं मिळंल. पर पायरी पहिली. आधी हात. ज्याचा हात साफ न्हाई त्याला यंत्र काय करणार?"

आन मोठी अडचण तिथंच होती. ऐकायला चंद्रभान पक्का. मास्तर कितीबी जोरात वाजवोत, ह्याचा कागद साफ. पर वाजवायला बसला की मास्तर कपाळाला हात लावायचे. टिंब चांगलं, रेघ चांगली, पर अक्षर संपून दुसरं सुरू व्हायच्या मधी जी जागा सोडायची, ती ह्याच्यानं सुटायचीच न्हाई. बोटं तिथं कायतरी भरायचीच. न्हाई भरलं तर लय पुढं पळायची.

"हे बघ," मास्तर समजवायचे, "नुसतं एक टिंब म्हंजी ई. नुसती एक रेघ म्हंजी टी. दोघं चिकटले की तिसरंच अक्षर, ए. तू काय करायलास, तर ई आन टी ला शेजारी बसवायच्या ऐवजी त्यांचं लगीन लावून द्यायलास."

"मला कळतं मास्तर. हाताला कळत न्हाई."

इम्तिहान हैदराबादला होती. चंद्रभान मीटरगेजच्या गाडीनं गेला. लेखी बरं गेलं, ऐकायचं तर झकासच गेलं. मंग वाजवायला बसवलं. समोरचा साहेब हैदराबादीच होता, भला माणूस. त्यानं ऐकलं, मान डोलवली, पाय बी हलवला, आन शेवटी पेन खाली ठेवलं.

"मियाँ, मजा आया. लेकिन लिखूँ क्या?"

नापास.

परत येताना गाडीत चंद्रभान खिडकीला डोकं टेकवून बसला. पुन्हा इम्तिहान द्यायची सोय उन्हाळ्यात होती. आन तीच शेवटची होती, कारण मास्तरांचं पुण्याला जायचं ठरलं होतं. कान कमी झाले होते, गुडघे गेले होते, पोरगा मागं लागला होता. तिथं पोरानं नवा सेट घेऊन दिलेला. इथला जुना सेट, ऐकायचा कान आन धाडायचं तोंड दोन्ही, मास्तर चंद्रभानला द्यायला तयार होते. पर त्यांचा कायदा कडक.

"इम्तिहान पास झाल्याशिवाय तोंड मी कोणाच्या हवाली करणार न्हाई. सख्ख्या भावाच्या बी न्हाई. पास झालास तर तुपलं. न्हाई तर पुण्याच्या क्लबाला देतो. तिकडं पोरं हायेत."

चंद्रभानला सेटपेक्षा दुसरंच खात होतं. मास्तर गेल्यावर ह्या गावात त्याच्याशी ह्या भाषेत बोलणारं कोण होतं? पास झाला तर मास्तर पुण्याला जाऊन बी रोज शेजारी. नापास झाला तर मास्तर गेले ते गेलेच.

मास्तरांनी एक दिवस सरळ सांगितलं. "इम्तिहानीपर्यंत ढोलकी सोड. ती तुपला हात नासवायलीय. एका म्यानात दोन तलवारी राहत न्हाईत."

चंद्रभाननं ढोलकीला खोळ घातली आन माळ्यावर टाकली.

पर ते साल होतं बाबासाहेबांच्या शताब्दीचं. मुंजाजी घरी आला, ओसरीवर बसला, माळ्याकडं बघितलं आन चहाचा कप बाजूला सारला.

"दाजी, हे मी काय ऐकायलोय?"

"इम्तिहान होईपर्यंत, मुंजाजी. मंग पुन्हा."

"शंभर वर्षांनी एकदा शताब्दी येती. पालमला मांडव पडलाय. मी काय डबडं वाजवणारं पोरगं घेऊन जाऊ? तुपल्या त्या शिट्टीला सुटी दे म्हणावं एक दिस."

"मास्तरांनी सांगितलंय."

"मास्तरांनी सांगितलंय!" मुंजाजी उठला. "आन मी बोंबलतो ते? मी तर बारा वर्षं तेच सांगायलोय. हात आवर, जागा सोड. माझं कधी ऐकलं न्हाईस, आन त्यांनी सांगितलं तर डायरेक ढोलकीच माळ्यावर!"

तो तरातरा गेला. कडूबाई ओसरीवरच होती. ती दाण्याचं सूप पाखडत होती, तेच पाखडत राहिली. सूप न थांबवता म्हणली, "ढोलकी सोडून हात सुधरंल का, ते तुमाला ठाऊक. पर ज्या हाताची खोड हाय, तो हात तर तुमच्याजवळच राहील ना. माळ्यावर थोडाच जाईल?"

चंद्रभाननं शिडी लावली.

पालमला मांडव गच्च भरला होता. दिवे लागायची येळ, पिवळे बल्ब, निळे झेंडे, पोरंसोरं, बाया, आन सगळ्यात पुढं सतरंजीवर वस्तीतली सगळ्यात म्हातारी सरजाबाई, काठी मांडीवर आडवी घेऊन. चार-पाच गाणी जोरात झाली. चंद्रभानचा हात लय दिवसांनी ढोलकीवर पडला होता, तो काय ऐकतोय! जागा दिसली की भरायलाच लागला. मुंजाजीनं दोनदा मागं वळून डोळे काढले.

मंग मुंजाजी उभा राहिला, पेटी थांबवली. आज त्यानं शेर घेतला न्हाई. म्हणला, "नामांतरासाठी जे गेले, त्यांची आज नावं घ्यायचीत. गाणं न्हाई. नुसती नावं."

आन त्यानं पहिलं नाव घेतलं. मोठ्यानं न्हाई, साध्या आवाजात. आन थांबला.

जागा आली. चंद्रभानची बोटं उचलली गेली. पडणारच होती कातड्यावर, तेवढ्यात त्याची नजर सरजाबाईवर गेली. म्हातारीचे ओठ हलायले होते. मुंजाजीनं घेतलेलं नाव ती मागून म्हणायली होती, हळूच, अंगावरचं लेकरू थोपटावं तशी. तिच्यामागच्या बाया बी. मांडवभर बारीक गुणगुण उठली, आन ते नाव पार मागच्या बल्बापर्यंत जाऊन पोचलं. मंगच मुंजाजीनं दुसरं नाव घेतलं.

चंद्रभाननं बोटं ढोलकीवर टेकवली. वाजवायला न्हाई, नुसती टेकवली. त्याला वाटलं, आपण आजवर ह्या जागेला रिकामी म्हणत होतो. ही तर ऐकणाऱ्याची जागा. आपण तिरकिट टाकत होतो ते ह्या म्हातारीच्या तोंडावर हात ठेवत होतो.

नावं संपेपर्यंत त्याचा हात हलला न्हाई. परतीच्या एसटीत मुंजाजी शेजारी येऊन बसला. खिडकीबाहेर बघत म्हणला, "दाजी, बोटाला काय लागलंय का?"

"न्हाई. कामून?"

"न्हाई, उगं इचारलं. आज माणसासारखं वाजवलंस."

दुसऱ्या दिवशी चंद्रभान मास्तरांकडं गेला, आन बसायच्या आधीच सांगून टाकलं. "मास्तर, ढोलकी सोडली न्हाई. काल वाजवून आलो."

मास्तरांचं तोंड उतरलं. "मंग संपलंच."

"आधी ऐका."

ह्यानं तार वाजवायची सरावाची किल्ली पुढं ओढली. दर अक्षर झालं की हात उचलायचा, मनात सरजाबाईला ते अक्षर म्हणू द्यायचं, मंग दुसरं. मास्तर आधी कान वाकडा करून ऐकायले, मंग पेन्सिल घेतली, मंग डोळे मिटून लिहायला लागले. शेवटी कागद बघितला. त्यावर सरळ सरळ लिहिलेलं, चुडावा, पूर्णा, पालम, परभणी.

"हे कुठं शिकलास एका दिवसात?"

"सरजाबाईकडं."

मास्तर इचारात पडले. "ही कोण? कोणत्या ठेसनावर होती?"

उन्हाळ्यात चंद्रभान पुन्हा हैदराबादला गेला. साहेब तोच. ह्या खेपेला त्यानं पाय हलवला न्हाई, नुसतं लिहीत गेला. शेवटी म्हणला, "मियाँ, पिछली बार मजा जादा था." आन सही केली.

मास्तर सामान बांधून जायला निघाले तवा पास झाल्याचं कळलेलं होतं. त्यांनी दोन्ही पेट्या बैलगाडीत ठेवून चंद्रभानच्या घरी धाडल्या. ठेसनात गाडी हलताना खिडकीतून म्हणले, "परवाना हातात पडस्तोवर तोंडाला हात लावायचा न्हाई. कसम हाय."

"मंजूर, मास्तर."

परवान्याचा कागद दिल्लीवरून यायचा. लय रखडला. मधी एक जमादार चौकशीला आला, घरभर बघितलं, लिंबावरची तार बघितली.

"वायरलेस? आन तुला? काय बोलणार वायरलेसवर?"

"लोक काय बोलतात ते. हवापाणी, तब्येत."

"येवढ्यासाठी दिल्लीला कागद?" जमादारानं टोपी सरळ केली. कडूबाईनं चहा दिला, त्यानं पेला खाली ठेवला, लिहिलं काय ते लिहिलं, आन गेला. चंद्रभाननं त्या दिवसांत तोंडाच्या पेटीवरची धूळ रोज पुसली, पर बटण दाबलं न्हाई. मास्तरांना पत्र टाकायचा, त्यांचं पत्र यायचं. पत्रात असायचं की सूनबाई कॉम्प्युटरवाल्या कंपनीत हाय, तिनं सेटला कॉम्प्युटर जोडून दिलाय. आता कोणाची तार आली की अक्षरं पडद्यावर आपोआप येतात. 'कान गेले तरी काम भागतंय. पर खोटं न्हाई बोलत, मजा न्हाई.'

शेवटी एकदाचा परवाना आला. रविवारची सकाळ ठरली, तसं पत्रानं कळवलं.

कडूबाईनं त्या दिवशी सांगायच्या आत तारेवरचे कपडे काढून घेतले. मुंजाजी मुद्दाम आला, दारात उकिडवा बसला. चंद्रभाननं सेट तापवला, किल्लीवर बोटं ठेवली, आन मास्तरांचं हवेतलं नाव वाजवलं, मंग आपलं नवंकोरं नाव. पहिल्यांदाच. आन हात उचलला.

खरखर.

"वाजव ना पुन्हा," मुंजाजी म्हणला. "थांबलास कामून दाजी?"

"आता त्यांची जागा हाय."

"आरं पर कोणी बोलंना."

"बोलतील."

खरखर चालूच. कडूबाई चुलीपाशी बसल्या जागी परातीतला हात थांबवून ऐकायली. चंद्रभाननं पुन्हा एकदा नाव वाजवलं, पुन्हा हात उचलला. बोटं किल्लीला लागली न्हाईत.

आन मंग शिट्टी आली. बारीक, पर साफ. चंद्रभाननं वळखली. जुन्या कट्ट-कडकट्टवाल्याचा हात, प्रत्येक रेघ सारखी, जशी रुळाखालची फळी. तो बिडीच्या बंडलाच्या कागदावर लिहायला लागला. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'आलास का. लय बरं झालं. सूनबाईचं यंत्र तुपलं अक्षर न अक्षर बरोबर लिहायलंय.'

चंद्रभाननं उत्तर वाजवलं. मुंजाजीचा नमस्कार बी घातला. हात उचलून, जागा सोडून. पर शेवटी शेवटी आनंदात बोटं सुटलीच. निरोपाच्या मागं एक छोटी तिरकिट निघून गेली. चंद्रभाननं जीभ चावली. मुंजाजी दारातून म्हणला, "गेली का खाज पुण्याला!"

चंद्रभाननं हात उचलला. मंग शिट्टी आली, आन चंद्रभान लिहिता लिहिता थांबला, डोळे पुसले, पुन्हा लिहायला लागला.

"काय म्हणले?" कडूबाईनं इचारलं.

"म्हणतेत, शेवटी यंत्रानं पडद्यावर कायबी लिहिलं. सून म्हणली, कनेक्शन ढिलं झालं. मी म्हणलो, न्हाई, तो आमचा चंद्रभान हाय."

"आन पुढं?"

"पुढं इचारलंय, जेवलास का."

"हात्तिच्या!" मुंजाजी म्हणला. "दिल्लीचा कागद, हैदराबादच्या दोन चकरा, आन शेवटी काय, तर जेवलास का?"

"मंग दुसरं काय इचारणार?" कडूबाईनं तव्यावर भाकरी टाकली. "सांगा त्यांना, भाकरी टाकायलेय म्हणावं. आन तुमी जेवलाव का, ते बी इचारा."

चंद्रभाननं तसंच वाजवलं. मंग हात मांडीवर ठेवला आन वाट बघत बसला.